स्वस्त इलेक्ट्रिक गिटारमधून अकूस्टिक आवाज: भोपळा नसलेला तंबोरा

सेलमध्ये घेतलेली स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) आकाराची इलेक्ट्रिक गिटार कोपऱ्यात उभी आहे, आणि वाजवावीशी वाटतात ती गाणी मात्र सगळी अकूस्टिकवर शोभणारी. अशा अडचणीत सापडलेले बरेच जण मला भेटतात. काही सरळ दुसरी गिटार घेतात. उरलेल्यांसाठी हा लेख. खर्च तारांच्या एका सेटचा आणि वर किरकोळ सामानाचा. सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलं नसेल तरी जमेल, फक्त एक अख्खा रविवार मोकळा ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. केबल न लावता, गच्चीवर बसून चार जणांना ऐकू जाईल असा आवाज या गिटारमधून येणार नाही. तो हेडफोनमध्ये येतो, ॲम्पवर येतो, रेकॉर्डिंगमध्ये तर छानच येतो. सोबत तबला किंवा कहोन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी) असेल तर ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही.

असं का, ते तंबोऱ्यावरून चटकन कळतं. तार छेडली की ती स्वतः फारशी हवा हलवत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला आणि तबली भोपळ्यातल्या हवेला. मिरजेचे कारागीर भोपळा निवडण्यात एवढा जीव टाकतात तो उगाच नाही. अकूस्टिक गिटारमध्ये हेच काम वरची पातळ फळी आणि पोकळ पेटी करते. मोठ्या ड्रेडनॉट आकाराच्या गिटारमधली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, फळी त्याच्या दुपटीच्या आसपास. आपल्या इलेक्ट्रिकला पेटीच नाही, ४५ मिलिमीटर जाडीचा भरीव ठोकळा आहे. त्यात तिचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे भाग, चुंबकी. त्यांच्यावर हलणारी पोलादी तार तेवढी त्यांना कळते, घोडीशी काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो. म्हणजे कामं दोन: घोडीचा कंप ऐकणारा एक कान बसवायचा, आणि नसलेला भोपळा मागाहून आवाजात मिसळायचा.

कोरायला जाऊ नका

'ठोकळा आतून पोकळ केला तर?' हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मलाही पडला होता, आणि मी तो प्रत्यक्षात आणला. ओळखीच्या सुताराकडे बसून एका जुन्या गिटारच्या पाठीत दोन मोठे खड्डे पाडून घेतले. आत प्लायवूड निघालं, थराथराचं. संध्याकाळी तारा चढवल्या. आवाज जवळपास तोच. बदल झाला तो एवढाच, की धड हलकं झाल्यामुळे पट्टा गळ्यात अडकवला की गिटार मानेकडे झुकायला लागली. अजूनही वाजवताना डाव्या हाताने मान सावरून धरावी लागते. पेटीला आवाज पातळ फळीमुळे येतो, नुसत्या पोकळीमुळे नाही. आणि दोन-तीन मिलिमीटरची फळी घोडीखाली शिल्लक ठेवायची तर ब्रिजचे, म्हणजे घोडीचे, स्क्रू पकडणार कशात? विषय संपला.

तारा

निम्मा फरक इथेच पडतो, म्हणून सुरुवात इथून. नव्या इलेक्ट्रिकवर बहुतेक वेळा ९-४२ चा सेट असतो (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) आणि त्यातली तिसरी तार साधी, गुंडाळी नसलेली. त्या तिसऱ्या तारेचा तो 'टिंग' आवाज कान लगेच ओळखतो. अकूस्टिक सेटमध्ये तिसरीलाही गुंडाळी असते. ११-५२ चा फॉस्फर ब्राँझ सेट घ्या. चुंबकी पिकअपला ब्राँझची गुंडाळी कळत नाही, फक्त आतली पोलादी तार कळते, त्यामुळे त्या पिकअपवर काही तारा दबक्या आणि काही मोठ्या वाजतील. आपण दुसरा कान बसवणार आहोत, त्याला याने फरक पडत नाही.

१२-५३ चा मोह टाळा. ९-४२ चा सेट नेहमीच्या सुरात मानेवर सगळा मिळून सुमारे ३८ किलोचा ताण टाकतो, १२-५३ ब्राँझचा ७४ च्या आसपास. जवळपास दुप्पट. स्वस्त गिटारच्या मानेवर एवढा भार कशाला.

नव्या तारा चढवल्यावर तीन ठिकाणी हात लावावा लागतो. नटमधल्या (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीतल्या) खाचा: साध्या ०.०१६ इंची तारेसाठी पाडलेल्या खाचेत ०.०२२ ची गुंडाळीची तार वरच अडकून बसते. जुन्या सेटमधली साधारण तेवढ्याच जाडीची गुंडाळीची तार घ्या आणि कानशीसारखी त्या खाचेतून हलक्या हाताने पुढे-मागे ओढा. खाच रुंद करायची आहे, खोल नाही. मग मान: पहिला फ्रेट आणि मान धडाला मिळते तिथला फ्रेट एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटशी तार किती वर राहते ते बघा. एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट बरोबर. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा घट्ट करा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. त्याच बैठकीत आणखी पाव, मग आणखी पाव, असं करू नका. लाकूड सावकाश बसतं, पावसाळ्यात तर आणखी आपल्या मर्जीने. शेवटी इंटोनेशन: तिसरी तार आता गुंडाळीची असल्याने तिचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो तुकडा) आधीपेक्षा मानेच्या बाजूला सरकवावं लागेल. ट्यूनर लावून मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळवा.

हे इथपर्यंतचं काम करून थांबलात, पुढचं काहीच केलं नाहीत, तरी नेक (मानेजवळच्या) पिकअपवर, स्वच्छ ॲम्पवर, मध्यम स्वर थोडे उतरवून ऐका. ज्यांना सोल्डरची भीती वाटते त्यांनी इथे खुशाल मुक्काम करावा.

चकती

आता दुसरा कान. याला पिएझो म्हणतात: असा पदार्थ की जो दाबला-वाकवला की वीज देतो. क्युरी बंधूंनी हा गुण १८८० साली दाखवून दिला. गिटारच्या घोडीखाली तो नीट बसवून विकायला ओव्हेशन कंपनीने १९६० च्या दशकात सुरुवात केली. एकाच गिटारमध्ये चुंबकी आणि पिएझो असे दोन्ही कान ठेवायची कल्पनाही जुनी आहे. १९९३ च्या पार्कर फ्लायमध्ये ती होती, आणि फेंडरने २०१९ मध्ये अकूस्टासॉनिक टेलिकास्टर काढली तेव्हा पुन्हा तिची चर्चा झाली. आपण तेच करणार आहोत, फक्त बझरमधल्या चकतीने.

पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ही चकती सहज मिळते. 'पिएझो पिकअप' मागितलात तर दुकानदार मान हलवेल. 'बझर प्लेट, सत्तावीस एमएमची, वायर लावलेली' असं म्हणा.

"कशाला हवी दादा? खेळण्यात लावायचीय?"

"गिटारला."

"गिटारला बझर?" असं म्हणत त्याने मला चार दिल्या. सगळ्या मिळून जेवढे पैसे झाले तेवढ्यात धड दोन वडापावसुद्धा आले नसते. चार घ्याच, एक हमखास मोडते. वायर आधीपासून लावलेलीच घ्या: पितळेच्या चकतीवरचा पांढरा सिरॅमिकचा गोल आणि त्यावरचा चांदीचा मुलामा उष्णतेने चटकन सुटतो. माझी पहिली चकती अशीच गेली. चांदीचा पापुद्रा सोल्डरच्या थेंबाबरोबर वर आला, दुधावरच्या सायीसारखा.

सोबत लागेल ते सामान: एका कोअरची शील्ड केलेली पातळ ऑडिओ वायर एक मीटर, तांब्याची चिकटपट्टी, साधी इन्सुलेशन टेप, छोटा टॉगल स्विच (तीन पायांचा, दोन बाजूंना पडणारा) आणि सुपरग्लू.

चिकटवण्याआधी ऐका. चकतीच्या दोन्ही वायर एका जुन्या जॅकला जोडा, ॲम्प हळू ठेवा, आणि चकती बोटाने किंवा टेपने आधी हेडस्टॉकच्या पाठीवर, मग ब्रिजशेजारी लाकडावर, मग ब्रिजच्या धातूच्या पट्टीवर दाबून तीच एक जीवा (कॉर्ड) छेडा. फोनवर तिन्ही रेकॉर्ड करा. लाकडावर बोटं आपटल्याचे आवाज जास्त येतात, हेडस्टॉकवर आवाज पातळ आणि पोकळ येतो. ब्रिजच्या धातूवर तारांचा आवाज सर्वांत भरीव. म्हणून आपण चकती ब्रिजच्या पोटात, ट्रेमोलो ब्लॉकवर (ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्यावर) लावणार.

ब्रिज उघडणे

ट्रेमोलोचा दांडा (ब्रिज हलवून सूर वर-खाली करणारा) आता निवृत्त होणार आहे, हे मनाशी ठरवून टाका. हलणाऱ्या ब्रिजवर जाड तारा सुरात राहत नाहीत आणि स्प्रिंगांची किणकिण पिएझोला मोठ्याने ऐकू येते.

तारा काढा, पाठीमागचं प्लास्टिकचं झाकण काढा, स्प्रिंगा पक्कडीने सोडवा (डोळे सांभाळा, सुटताना उडतात), मग पुढून ब्रिजचे सहा स्क्रू. ब्रिज ब्लॉकसकट हातात येईल. ब्लॉकच्या मानेकडच्या बाजूला सपाट जागा दिसेल. ती बारीक सँडपेपरने घासून, थिनरने पुसून घ्या. चकतीची पितळेची बाजू त्यावर सुपरग्लूच्या पातळ थराने बसवा आणि कापडात गुंडाळून मिनिटभर दाबून धरा. जाड फोमची दुपदरी टेप वापरू नका. ती कंप गिळते आणि आवाज रजईतून आल्यासारखा येतो.

आता गुणगुण अडवायची. चकतीच्या पांढऱ्या बाजूवर आणि उघड्या सोल्डरवर आधी इन्सुलेशन टेप, तिच्यावर तांब्याची पट्टी, आणि पट्टीची कड पितळेला किंवा ब्लॉकला टेकलेली. असा डबा केला नाही तर ५० हर्ट्झची गुणगुण येते, आणि घरातल्या प्लगला अर्थिंग नसेल तर ती तानपुऱ्यासारखी अखंड चालू राहते. वाईट म्हणजे बेसूर. चकतीच्या नाजूक वायर शक्य तितक्या आखूड कापून शील्ड केलेल्या वायरला जोडा: मधल्या पांढऱ्या भागाची आतल्या कोअरला, पितळेची बाहेरच्या जाळीला. सोल्डर दोन सेकंदांत उरका.

स्प्रिंगांच्या पकडीपासून एक काळी अर्थची तार आतल्या भोकातून पुढच्या बाजूला, नॉबच्या खाचेत जाते. त्याच भोकातून आपली वायर ढकला. भोक अरुंद असेल तर काळी तार काढून दोन्ही एकत्र ओवा, आणि ती काळी तार परत जोडायला विसरू नका. ब्रिज परत बसवा, स्प्रिंगांची पकड घट्ट करा, आणि ब्लॉक व धड यांच्यामध्ये गिटारच्या शेपटाकडच्या फटीत लाकडाची पाचर घट्ट बसवा. तारा ब्रिजला पुढे ओढतात तेव्हा ब्लॉकचं खालचं टोक शेपटाकडे जायला बघतं, ते या पाचरीवर अडतं. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक चिकटवून माझी पाचर झाली आहे.

स्विच

इथे नवशिक्यांची एक चूक ठरलेली: चकतीची वायर थेट जॅकवर, चुंबकी पिकअपच्या शेजारी जोडून टाकणे. मग दोन्ही आवाज मेलेले येतात. कारण साधं आहे. २७ मिलिमीटरची चकती म्हणजे विजेच्या दृष्टीने सुमारे २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि टोन नॉबवर ट्रेबल मारायला जो कपॅसिटर असतो तोही नेमका २२ च्या आसपासचा! वर चुंबकी पिकअपची गुंडाळी चकतीची इवलीशी वीज पिऊन टाकते. दोघांना वेगळं ठेवायचं.

सोल्डर सुटा करण्याआधी पिकगार्डच्या आतल्या बाजूचे फोनवर चार-पाच फोटो काढून ठेवा. मग शेवटचा टोन नॉब काढून त्याच्या भोकात टॉगल बसवा; भोक मोठं पडेल, वॉशर लावा. त्या नॉबवर कपॅसिटर असेल तर तो उरलेल्या टोनवर हलवा, कारण पुष्कळदा दोन्ही नॉब मिळून एकच कपॅसिटर असतो. जॅकच्या टोकाला जाणारी तार व्हॉल्यूम नॉबवरून सोडवून स्विचच्या मधल्या पायाला द्या. एका बाजूच्या पायाला व्हॉल्यूम नॉबचा तोच पाय, दुसऱ्या बाजूला चकतीची कोअर. जाळी कुठल्याही नॉबच्या पाठीला, जिथे बाकीचे अर्थ आहेत तिथे. झालं. चकतीला व्हॉल्यूम नॉब दिलेला नाही, तो मुद्दामच. आवाज ॲम्पवरून कमी-जास्त करा. स्विच पाडताना 'ठप्प' होतं, म्हणून आधी ॲम्प खाली.

केबल कुठे लावायची

पिएझो लावलेले अनेक जण 'आवाज डब्यासारखा येतो' म्हणून तो काढून टाकतात. बहुतेकदा दोष चकतीचा नसतो, केबल लावलेल्या भोकाचा असतो. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) साधारण १० किलोओहम असतो. २० नॅनोफॅरडच्या चकतीला असा भार मिळाला की सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार ८२ हर्ट्झची, सर्वांत बारीक ३३०. म्हणजे सहाही तारांचा मूळ सूर गळला. राहिला तो वरचा पत्रा. हीच चकती गिटार ॲम्पच्या किंवा ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याच्या) 'इन्स्ट्रुमेंट' असं लिहिलेल्या इनपुटला लावा. तिथे १ मेगाओहम असतो आणि गळती ८ हर्ट्झच्या आसपास सुरू होते, ऐकू येण्याच्या खाली. पिएझोला १० मेगाओहमचा खास प्रीॲम्प (ॲम्पच्या आधी लावायचा छोटा ॲम्प) लागतोच असं ठासून सांगितलं जातं. घोडीखालच्या पातळ पट्ट्यांना तो उपयोगी पडतो, आपल्या जाडजूड चकतीला गरज नाही. बॅटरीही नको.

कार्यक्रमात थेट मिक्सरमध्येच जायची वेळ आली तर ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सर यांना जुळवून देणारा डबा) मागा. तोही नसेल तर मित्राचा बॉस कंपनीचा एखादा इफेक्ट पेडल मध्ये लावा. इफेक्ट बंद असतानाही त्यातून सिग्नल बफर होऊन, म्हणजे पुढच्या भाराने न गळता, जातो.

भोपळा

आता इंटरफेस, हेडफोन आणि कॉम्प्युटर. चकतीचा कच्चा आवाज ऐकून नाराज होऊ नका. तो टोचतो. बझर म्हणून ही चकती ४ किलोहर्ट्झच्या आसपास किंचाळण्यासाठीच बनवलेली असते, सवय थोडी राहणारच. आधी इक्वलायझर: ८० हर्ट्झच्या खालचं कापा, १ ते ४ किलोहर्ट्झच्या दरम्यान जिथे सर्वांत जास्त खुपतं ती जागा शोधून तिथे ४-५ डेसिबल उतरवा, १० किलोहर्ट्झच्या वरचं किंचित झुकवा. जागा शोधायची रीत अशी: इक्वलायझरचा एक पट्टा (बँड) खूप वर चढवा, हळूहळू सरकवत न्या, जिथे कान मागे घ्यावासा वाटेल तिथे थांबा आणि तोच पट्टा खाली करा.

मग भोपळा. याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, थोडक्यात आयआर. खऱ्या अकूस्टिक गिटारचा पिएझो आणि तिच्यासमोरचा माइक यांच्या आवाजांत जो फरक असतो तो एका छोट्या ऑडिओ फाइलमध्ये उतरवलेला असतो. ती फाइल आपल्या आवाजावर चढवली की पेटी आणि हवा दोन्ही येतात. अकूस्टिक गिटारच्या आयआर फाइली नेटवर फुकटही मिळतात. शोधताना 'अकूस्टिक' आणि 'पिएझो' हे दोन्ही शब्द घाला, नाहीतर सगळ्या स्पीकर कॅबिनेटच्या मिळतील. ती उघडायला नॅडआयआर नावाचा फुकट प्लगइन चालतो, आणि रीपर किंवा तुमच्याकडे असेल ते रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर.

पाच-सहा फाइली लावून बघा आणि निवडताना डोळे मिटा. नावाने महागडी गिटार असलेली फाइल तुमच्या गिटारवर घोगरी निघू शकते. पूर्ण आयआर ठेवला तर आवाज थोडा मागे, बंद खोलीत गेल्यासारखा होतो. मी कच्चा आवाज एक तृतीयांश आणि आयआर दोन तृतीयांश ठेवतो. मिसळताना आवाज अचानक पातळ झाला तर एका बाजूचा फेज (लहरीची दिशा) उलटा करून बघा. वर लहान खोलीचा रिव्हर्ब (घुमारा), चिमूटभर. इलेक्ट्रिकचा सूर मुळात लांबतो, म्हणून कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा इफेक्ट) जवळपास नकोच.

हात

इलेक्ट्रिकवाल्यांचा हात ब्रिजजवळ रेंगाळतो. तो मान संपते तिथे आणा. अकूस्टिकचं भोक असतं साधारण त्या जागी. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पातळ पिक घ्या आणि मनगट सैल ठेवा. जाड पिकने जोरात मारलं की पिएझो दचकतो, आणि त्या दचकण्यावर कुठलाही आयआर चालत नाही. तळहात ब्रिजवर टेकवायची सवय असेल तर तीही सोडा. खाली कान बसवलाय, घासल्याचं सगळं त्याला ऐकू येतं.

सगळं जमलं, जीवा छेडून तारा हाताने थांबवल्या, तरी मागे पत्र्याच्या डब्यासारखं काहीतरी घुमत राहतंय? त्या स्प्रिंगा. पाठीचं झाकण उघडून भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा त्यांच्याखाली दाबून बसवा.